पोस्टमनची वही

'याहू' म्हटलं की आमच्या नातीला फक्त शम्मी कपूर आठवतो. तिचा काही दोष नाही. पण तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना २००० सालच्या आसपासचे दिवस आठवत असतील. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून बसायचं, मोडेमची किरकिर ऐकायची आणि सातासमुद्रापलीकडे गेलेल्या मुलाचं पत्र आलंय का ते बघायचं. आमच्या घराण्यातले निम्मे ईमेल पत्ते तेव्हा याहूचेच होते. आंतर्देशीय पत्र मागे पडलं, पोस्टमन दिवाळीच्या पोस्तापुरता उरला आणि कॅलिफोर्नियातली एक कंपनी आमचं पोस्ट ऑफिस झाली. आम्हाला ते जाणवलंसुद्धा नाही. फुकट होतं ना!

आज लिहायचंय ते या पोस्ट ऑफिसाबद्दल. बड्या तंत्रज्ञान कंपन्या आणि लोकशाही या विषयावर हल्ली पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यातलं बरंचसं हवेत असतं. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मास्तराची खोड अशी, की कोणी मोठा शब्द वापरला की तो म्हणणार, "उदाहरण दे." तर हे माझं उदाहरण. सनावळ्या जरा जास्त आहेत, पण या गोष्टीत त्यांनाच महत्त्व आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

चीनमधल्या हुनान प्रांतात छांगशा नावाचं शहर आहे. तिथल्या एका व्यापारविषयक दैनिकात शी ताओ नावाचा पत्रकार काम करत होता. कविताही लिहायचा. जन्म १९६८ चा. २० एप्रिल २००४ रोजी त्याच्या कचेरीत बैठक झाली आणि वरून आलेली एक सूचना सगळ्यांना तोंडी सांगण्यात आली. त्या वर्षी ४ जूनला तिआनआनमेन चौकातल्या हत्याकांडाला १५ वर्षं पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने परदेशात गेलेले जुने विरोधक परततील, अशांतता माजवतील, तरी वृत्तपत्रांनी सावध राहावं, असा तिचा आशय. साध्या भाषेत सांगायचं तर, काय छापायचं नाही ते सांगितलं गेलं.

शी ताओने टिपणं घेतली. त्याच रात्री, कचेरीत एकटाच काम करत असताना, त्याने ती आपल्या याहूच्या पत्त्यावरून अमेरिकेतल्या एका लोकशाहीवादी संकेतस्थळाच्या संपादकाला पाठवली. स्वतःचं नाव घातलं नाही. टोपणनाव घेतलं, '१९८९६४'. सन १९८९, महिना सहावा, तारीख चौथी. तेवढंच.

दोन दिवसांनी, २२ एप्रिलला, बीजिंगच्या राज्य सुरक्षा विभागाने याहूच्या बीजिंग कार्यालयाला नोटीस काढली. अमुक खातं कोणी नोंदवलं, ते कधी कधी आणि कुठून उघडलं गेलं, त्यातल्या पत्रांचा मजकूर काय, हे सगळं हवं होतं. कंपनीने माहिती दिली. २४ नोव्हेंबरला शी ताओला थाययुआन शहरात अटक झाली. २७ एप्रिल २००५ रोजी छांगशाच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. गुन्हा काय, तर देशाची गुपितं परदेशी पुरवली!

त्या निकालपत्रात पुराव्यांची यादी आहे. त्यात कंपनीचं नाव घेऊन नोंदवलंय, की २० एप्रिल २००४ च्या रात्री ११ वाजून ३२ मिनिटं १७ सेकंदांनी जे इंटरनेट कनेक्शन वापरलं गेलं, त्याचा टेलिफोन नंबर अमुक आणि तो टेलिफोन त्या दैनिकाच्या कचेरीत आहे. सेकंदसुद्धा!

इथे मला आपल्याकडचं एक कार्ड आठवतं. १९०८ साली लोकमान्यांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल मुंबईत पकडलं, तेव्हा पोलिसांनी पुण्यात गायकवाड वाड्याची झडती घेतली. त्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडलं. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावं लिहिलेली होती. सरकार पक्षाने ते कार्ड खटल्यात मांडलं. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर टीका करायची म्हणून ती पुस्तकं पाहायची होती, असा खुलासा टिळकांनी केला. पुढे सहा वर्षं आणि मंडाले, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता तुलना करून पाहा. इंग्रज सरकारला एका कार्डासाठी वाड्यात शिरावं लागलं, कपाटं उघडावी लागली. ते गावाने पाहिलं, वर्तमानपत्रांत आलं, त्यावर बोलणं झालं. शी ताओच्या बाबतीत नोटीस निघाली तेव्हा त्याच्या दारावर कोणी थापही मारली नव्हती. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कागद गेला आणि उत्तर आलं. ज्याचं पत्र होतं त्याला पत्ताच नाही.

आणि जुन्या पोस्टाशी आणखी एक फरक आहे. पत्र फोडून वाचायचा अधिकार सरकारकडे तेव्हाही होता. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात तो होता आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. पण पोस्टमन पत्र टाकून पुढे गेला की त्याच्यापाशी काही उरत नसे. त्याने साध्या टपालाची वही ठेवली नव्हती. या नव्या पोस्टमनने मात्र प्रत्येक पत्राची नोंद ठेवली, पत्राची प्रतही ठेवली.. आणि ती वही त्याच्या मालकीची, आपल्या नव्हे.

हे प्रकरण सप्टेंबर २००५ मध्ये जगापुढे आलं. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने निकालपत्रातला तो पुरावा उजेडात आणला. याहूचे संस्थापक जेरी यांग यांना त्याच महिन्यात चीनमध्येच हांगचौ इथे याबद्दल विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा: जे घडलं ते मला आवडलेलं नाही, पण ज्या देशात धंदा करायचा तिथला कायदा पाळावा लागतो.

हे उत्तर एकदम टाकाऊ नाही. कायदा पाळा असंच आम्ही वर्गात शिकवत आलो. आणि आपल्या देशात येऊन एखादी परदेशी कंपनी आपला कायदा धाब्यावर बसवू लागली तर आपल्याला ते चालेल का? म्हणून हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पण कायदा पाळण्याच्याही तऱ्हा असतात. आणीबाणीत मी नुकताच नोकरीला लागलो होतो. शाळेत 'जनरल रजिस्टर' असतं, त्यात मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता सगळं असतं आणि ते कायम जपून ठेवायचं असतं. एक दिवस एक पोलीस शिपाई आला आणि अकरावीतल्या एका मुलाचा घरचा पत्ता मागू लागला. आमचे मुख्याध्यापक काही क्रांतिकारक नव्हते. साहेब आले की उठून उभे राहणारे गृहस्थ. ते शांतपणे म्हणाले, "लेखी आणा. आणि कशासाठी हवाय तेही त्यात लिहून आणा." शिपाई गेला. दोन दिवसांनी कागद घेऊन आला, तेव्हा सरांनी पत्ता दिला. पण मधल्या दोन दिवसांत त्यांनी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं होतं. बस्स, इतकंच. कायदा मोडला नाही, पण ज्याची नोंद, त्याला अंधारात ठेवलं नाही.

याहूपुढे असा कागद आला होता का? याचं उत्तर फार बोलकं आहे. १५ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे याहू, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि सिस्को या चार कंपन्यांची सुनावणी झाली. याहूचे मुख्य वकील मायकेल कॅलहन यांनी तिथे सांगितलं, की माहिती मागितली गेली तेव्हा तपास कशाचा आहे याची कंपनीला कल्पना नव्हती. पुढे जुलै २००७ मध्ये 'दुई हुआ फाउंडेशन' या संस्थेने ती मूळ नोटीसच प्रसिद्ध केली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की देशाची गुपितं बेकायदा परदेशी पुरवल्याचा संशय आहे. चीनमध्ये हे शब्द कोणावर लावले जातात, हे तिथे धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणजे लेखी होतं, कारणही लिहिलेलं होतं.

या दोन्ही सुनावण्यांत एक गृहस्थ उठून दिसतात. टॉम लँटोस. जन्म बुडापेस्टचा, १९२८ चा. हिटलरच्या काळात ज्यू म्हणून मरता मरता वाचलेले आणि पुढे अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलेले, त्या हत्याकांडातून वाचलेल्यांपैकी एकमेव. 'स्थानिक कायदा' हे शब्द त्यांना कसे लागले असतील याची कल्पना करा. २००६ मध्ये त्यांनी कंपन्यांना विचारलं, की नाझी जर्मनीत आयबीएमनेही तिथले कायदेशीर हुकूमच पाळले होते, मग त्याची लाज वाटायला हवी की नको? सरळ उत्तर काही मिळालं नाही.

६ नोव्हेंबर २००७ ला पुन्हा सुनावणी झाली. आता लँटोस समितीचे अध्यक्ष होते. समोर कॅलहन आणि स्वतः जेरी यांग. यांगही १९६८ सालचेच, शी ताओच्याच वयाचे. जन्म तैपेईचा. वडील लहानपणीच गेले. आई इंग्रजी शिकवायची. दहा वर्षांचे असताना अमेरिकेत आले आणि पंचविशीत मित्राबरोबर याहू काढली. त्यांच्या मागच्या खुर्च्यांत शी ताओची आई गाओ छिनशेंग बसल्या होत्या. लँटोस म्हणाले, यांची क्षमा मागा. यांग उठून वळले आणि त्या माउलीपुढे वाकले. तिला रडू आवरेना. तंत्रज्ञानात आणि पैशात तुम्ही राक्षसाएवढे, पण नीतीने खुजे, असं लँटोस त्या दिवशी कंपनीला म्हणाले ते सगळीकडे छापून आलं.

आठवडाभराने, १३ नोव्हेंबरला, याहूने शी ताओ आणि वांग शियाओनिंग यांच्या कुटुंबांशी कोर्टाबाहेर तडजोड केली. हे वांग म्हणजे याच वाटेने गेलेले दुसरे. लोकशाहीविषयीचं लिखाण याहूवरून पाठवत, म्हणून २००३ साली त्यांनाही दहा वर्षं झाली होती. तडजोडीची रक्कम गुप्त राहिली.

इथे गोष्ट संपवता येईल. कंपनी वाईट, आई बिचारी, म्हातारा धीराचा. पण मुलांना इतिहास शिकवताना मी नेहमी विचारत असे, "निर्णय नेमका कधी झाला?" पानिपतचा निकाल १४ जानेवारीला लागला, पण तो ठरत गेला आधीचे कित्येक महिने. इथेही तसंच आहे.

२२ एप्रिल २००४ ला बीजिंगच्या कार्यालयातल्या माणसाने काय करायला हवं होतं? तो चिनी नागरिक. नाही म्हणाला असता तर त्याच्यावरच गदा आली असती. कंपनीने हे म्हटलंही, आणि ते खरंच होतं. पण त्याला त्या खुर्चीत बसवलं कोणी? १९९९ साली याहू चीनमध्ये उतरली. २००२ साली तिने तिथल्या इंटरनेट धंद्याच्या 'स्वयंशिस्तीच्या' जाहीर प्रतिज्ञेवर सही केली. सरकारला अडचणीचं वाटेल ते आपणहून दूर ठेवायचं, असा त्या प्रतिज्ञेचा रोख होता. आणि लोकांच्या पत्रांची वही त्या सरकारच्या हाताशी, त्याच भूमीवर ठेवायचं ठरवलं. निर्णय झाला तो तेव्हा. नोटीस आली तेव्हा निवडायला काही उरलंच नव्हतं. पोलीस वहीवाल्याकडेच येणार. वही कुठे ठेवली आणि तिच्यात काय काय लिहिलं, हे ठरलं की पुढचं बहुतेक ठरून गेलेलं असतं.

हे दुसऱ्यांना कळलं होतं, याचा पुरावा आहे. गूगलने जानेवारी २००६ मध्ये चीनसाठी वेगळं शोधयंत्र काढलं. त्यातले शोध सरकारच्या मर्जीने गाळलेले असत. ते काही भूषणावह नव्हतं. पण जीमेल आणि ब्लॉगर या सेवा त्या भूमीवर न्यायच्या नाहीत, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं, कारण लोकांची पत्रं आणि लिखाण मग तिथे ठेवावं लागलं असतं. पुढे चिनी मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या जीमेल खात्यांवर हल्ले झाल्यानंतर, मार्च २०१० मध्ये, त्यांनी ते शोधयंत्रही हाँगकाँगला हलवलं.

वही लांब ठेवली म्हणजे सगळं भागलं असंही नाही. चाओ चिंग या चिनी ब्लॉगरचा मायक्रोसॉफ्टवरचा ब्लॉग कंपनीने डिसेंबर २००५ च्या अखेरीस पुसून टाकला. तो अमेरिकेतल्या यंत्रांवर साठवलेला होता, तरीही. तुरुंग टळतो, पण तोंड बंद होतंच. आपण ब्लॉगवाल्यांनी हे विसरू नये. आपली वहीसुद्धा दुसऱ्याच्या कपाटात आहे.

आपल्याकडे काय? ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसकट सगळंच काही दिवस बंद करून टाकलं. एका घराला कुलूप लावायला सांगितलं तर आळीच बंद! कंपन्यांची वृत्ती यातून कळते. ग्राहकासाठी भांडण्यापेक्षा सरकारला जास्तीचं देऊन मोकळं होणं स्वस्त पडतं.

पण दुसरी बाजूही आपल्याच महाराष्ट्रातली आहे, आणि ती सांगितली नाही तर मी प्रामाणिक ठरणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून पसरली होती. व्हॉट्सअॅपने २०१६ पासून प्रत्येक निरोप असा कुलूपबंद केला आहे की कंपनीलाही तो वाचता येत नाही. मग अफवा पहिल्यांदा सोडली कोणी, हे शोधायचं कसं? २०२१ च्या नव्या नियमांत सरकारने मोठ्या कंपन्यांवर बंधन घातलं, की ठरावीक गंभीर गुन्ह्यांत आदेश आल्यास निरोपाचा मूळ लेखक ओळखता आला पाहिजे. त्याविरुद्ध व्हॉट्सअॅप मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं, एकाचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपाची खूण ठेवावी लागेल.

हा वाद वाचताना मला ती २२ एप्रिलची नोटीस आठवते. प्रश्न तोच आहे: हे पहिल्यांदा कोणी लिहिलं? राईनपाड्याच्या मेलेल्यांसाठी तो प्रश्न न्यायाचा आहे, शी ताओसाठी तो दहा वर्षांचा होता. वही मात्र एकच. ती चांगल्या सरकारसाठी वेगळी आणि वाईट सरकारसाठी वेगळी ठेवता येत नाही. एकदा लिहिली गेली की पुढे खुर्चीवर कोण बसेल त्याच्या हाती ती जाणार. आणि कुलूप लागलं म्हणून निर्धास्तही राहू नका. शी ताओच्या विरोधात फक्त पत्रातला मजकूर नव्हता. वेळ आणि टेलिफोन नंबरही होता, म्हणजे पाकिटावरचा शिक्का. पत्र कुलूपबंद असलं तरी कोणी, कोणाला, केव्हा पाठवलं, या नोंदी राहू शकतातच.

म्हणून माझं मत सांगतो, पटतं का बघा. कंपन्यांना "सरकारला नाही म्हणा" असं सांगून फारसं काही साधत नाही. ऐन वेळी नाही म्हणायला लागणारी छाती पगारी माणसांकडून आणि भागधारकांकडून मागता येत नाही. मागायचं ते आधी. नोंद कमी ठेवा. लागत नाही ती ठेवू नका, लागते ती मुदतीनंतर जाळून टाका. कोणी मागितली तर लेखी घ्या, कारण विचारा, आणि ज्याची नोंद त्याला कळवा. आमच्या मुख्याध्यापकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. आणि राईनपाड्यासारख्या ठिकाणी अफवेच्या लेखकाइतकाच, दगड उचलणारा हात कोणाचा हेही पोलिसांनी शोधावं. त्यासाठी कोणाची पत्रं फोडावी लागत नाहीत.

लँटोस फेब्रुवारी २००८ मध्ये वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरात याहू, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी विद्यापीठं आणि मानवाधिकार संस्थांबरोबर 'ग्लोबल नेटवर्क इनिशिएटिव्ह' नावाने काही तत्त्वं मान्य केली. सरकारने माहिती मागितली तर कसं वागायचं, याची ती तत्त्वं. नोव्हेंबर २०२१ मध्ये याहूने चीन पूर्णपणे सोडला.

शी ताओ २३ ऑगस्ट २०१३ रोजी सुटला, मुदतीच्या १५ महिने आधी. म्हणजे पावणेनऊ वर्षं आत काढून. याहूने आपली चीनमधली ईमेल सेवा त्याच ऑगस्टमध्ये बंद केली होती. तो बाहेर आला तेव्हा ते पोस्ट ऑफिसच उरलं नव्हतं.